मागच्या गाडीत बसणारे साठ्ये साहेब

कलकत्त्यात, गार्डन रीचच्या गॅरेजात मी जीपचं चाक उतरवून जमिनीवर बसलो होतो. ऑफिसातले बिश्वासबाबू आले आणि म्हणाले, "नामदेव, एकटू बोशो." मी बसलेलाच होतो. बसलेल्या माणसाला कुणी बस म्हणालं की पुढे काय ऐकायचं आहे ते आधीच कळतं... साठ्ये साहेब सकाळी गेले होते. दाढी करताना छातीत कळ आली आणि खाली बसले, एवढंच. शेजारच्या खोलीत त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, होत्या, त्यांना हाक मारण्याइतकाही वेळ मिळाला नाही. त्याला आता दीड महिना होत आला.

मी सातारा जिल्ह्यातला. सहावीत शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर म्हणून कलकत्त्याला आलो, मालकाने ट्रक विकला आणि मी इथेच राहिलो. पुढे ट्रकवरच ड्रायव्हिंग शिकलो. पण मोठ्या माणसासमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही. साहेबांच्या सरकारी खात्यात ड्रायव्हरची जागा होती म्हणून गेलो, तर साहेबांनी कागद बघितले आणि मराठीत विचारलं, "जेवलास का?" कितीतरी महिन्यांत तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. जेवलो नव्हतो, तरी हो म्हणालो. त्यांनी डबा पुढे सरकवला. तेव्हापासून मी त्यांचा.

त्यांचं काम जमिनीखालचं पाणी शोधायचं. पावसाळा सरला की पुरुलिया-बांकुड्याकडे तीन-चार महिने मुक्काम. जीपच्या मागे एक राहायची गाडी जोडलेली असे. चाकांवरची पत्र्याची खोलीच म्हणा ना, आत एक खाट आणि एक स्टोव्ह. एका वर्षी वहिनींना मणक्याचं दुखणं लागलं आणि त्या आडव्याच झाल्या. मूलबाळ नव्हतं. तो हिवाळा त्यांनी नागपूरला भावाकडे काढला. भावजय वाईट नव्हती, पण जेवणाचं ताट दाराशी ठेवून जायची, आत येऊन बसायची नाही. वहिनी परत आल्या आणि म्हणाल्या, पुन्हा मला कुठे ठेवून जाऊ नका. साहेबांनी मग वरपर्यंत लिहून, भांडून मोठी गाडी करवून घेतली. त्यात वहिनींना आडवं पडून प्रवास करता येईल असा पलंग, संडास, पाण्याची टाकी.

ती गाडी जवळजवळ दुप्पट वजनाची निघाली. जीपला जोडली की जीपची शेपटी खाली आणि नाक वर. दिवे लावले तर उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी झाडांच्या शेंड्यांवर. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. दोन गाड्यांच्या जोडावर दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या असतात. त्या ताणून बसवल्या की मागचं ओझं थोडं पुढच्या चाकांवरही जातं. आमच्या पट्ट्या जुन्या, हलक्या गाडीच्या होत्या. खिदिरपूरच्या मिस्त्रीकडून साहेबांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादाच्या जाड पट्ट्या करून घेतल्या, जीपच्या मागचा जोडही नवा, भक्कम बसवला. वहिनींची शिवणकामाची टेप आणून जीपचं पुढचं मडगार्ड जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं, आधी एकट्या जीपचं, मग मागची गाडी जोडून. माप जुळलं, म्हणजे जीपचं नाक आता वर जात नव्हतं. ऑफिसातले सगळे म्हणाले, झालं, आता निघा.

पलंगावर वहिनींच्या वजनाची वाळूची पोती ठेवून आम्ही बराकपूरच्या रस्त्याला निघालो. साहेब मागे, पोत्यांशेजारी स्टुलावर. एरवी गंभीर माणूस, पण निघताना पत्र्यावर थाप मारून, बाई उतरताना बसचा कंडक्टर ओरडतो तसे ओरडले, "आस्ते, लेडीज!" वहिनी घराच्या खिडकीशी पडल्या पडल्या हसत होत्या. पुढे शेजारून एक लॉरी गेली आणि मागची गाडी डुलली. थोडीशीच. पण स्टिअरिंग माझ्या हातातून कुणी मागितल्यासारखं झालं. परत आल्यावर साहेबांनी विचारलं, कशी वाटली? मी म्हणालो, अजून एकदा बघतो.

संध्याकाळी वहिनींनी मला बोलावलं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "नामदेव, माझ्यासाठी हो म्हणू नकोस. पण नाही म्हणायची घाईही करू नकोस." माझ्या एका शब्दावर बाईंचा अख्खा हिवाळा टांगला होता.

सकाळी साहेबांना सांगितलं, भीती वाटते. वाटलं होतं, आता ऐकून घ्यावं लागणार, टेपचं माप खोटं का म्हणून. पण साहेब म्हणाले, "माझं माप उभ्या गाडीचं. चालत्या गाडीचं तुझ्या हातात आहे. भीती गेली की सांग, तोवर निघायचं नाही." भीती हा कामाचा भाग आहे असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. भित्रा मात्र सगळ्यांनी म्हटलं होतं...

साहेब स्वतः मागच्या गाडीत शिरले, तासभर एकेक वस्तू हलवून बघत राहिले. शेवटी पाण्याची टाकी सापडली, अगदी मागच्या टोकाला बसवलेली. पट्ट्या कितीही जाड केल्या तरी शेपटीतलं ते ओझं गाडी हलवणारच. टाकी पुढे घेतली, पट्ट्या पुन्हा ताणल्या. मग रोज एक फेरी. ऑफिसात थट्टा सुरू झाली, की साठ्ये साहेब वाळूला हवा खायला नेतात. साहेब म्हणायचे, वाळू तक्रार करत नाही, तुम्हीही करू नका. एके दिवशी परतलो तर साहेब उतरून माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "लॉरी गेली तेव्हा तू शिट्टी वाजवत होतास." मला पत्ताच नव्हता. "चला, वहिनींना सांगून ये."

त्यानंतरचे सगळे हिवाळे वहिनी आमच्याबरोबर होत्या. साहेब कधी माझ्या शेजारी बसले नाहीत, मागे त्यांच्याजवळच. उतारावर इंजिनाचा आवाज कमी झाला की मागून हसण्याचा आवाज यायचा. पुढे मी एकटा, पण तेव्हा एकटं वाटलं नाही.

परवा वहिनींना हावडा स्टेशनवर सोडलं. नागपूरला, भावाकडेच. आता कमरेला पट्टा बांधून थोडा वेळ बसता येतं त्यांना. ऑफिसच्या मोटारीत मागच्या सीटवर मी उशा रचल्या होत्या, पण त्या म्हणाल्या, पुढेच बसते. वाटेत बोलल्या नाहीत. पुलावर मागच्या टॅक्सीवाल्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली तेव्हा म्हणाल्या, "एवढं हळू नको रे, नामदेव. मागे कोणी नाही आता."

मी हो म्हणालो. आणि पूल संपेपर्यंत तशीच चालवली.