फुंकरताई आणि जुना धक्का

संग्रहालयातली माणसं तिला फुंकरताई म्हणत. तळमजल्यावरच्या मोठ्या दालनात शंभर वर्षांपूर्वीच्या शहराची लाकूड-प्लास्टरची प्रतिकृती होती, चांगली बारा फूट लांब. दर सोमवारी, संग्रहालय बंद असताना, तिची धूळ काढायचं काम ताईंकडे. प्रतिकृतीवर आडवी फळी टाकायची, चपला काढून मोजे चढवायचे, फळीवर पालथं पडायचं आणि हातात मऊ ब्रश नि फोटोवाल्यांची रबरी फुंकणी घेऊन एकेक छप्पर साफ करायचं. दीपगृह, घड्याळाचा मनोरा, गोदामांच्या रांगा, कस्टमची इमारत. एकवीस वर्षं हेच. घरातल्या भांड्यांची जागा एखादे वेळी चुकेल, पण कुठल्या गोदामाला किती खिडक्या हे ती झोपेतही सांगेल.

एकाच गोष्टीपाशी तिचा ब्रश अडायचा. कस्टमच्या इमारतीजवळचा जुना उतारूंचा धक्का. बोटीतून आलेली माणसं तिथं उतरायची. पुढं समुद्र बुजवला, त्यावर रस्ता झाला, आणि धक्का नेमका कुठं होता याची खूणही उरली नाही. प्रतिकृतीत तो धक्का इमारतीच्या उजवीकडे होता. ताईंचे वडील त्याच धक्क्यावर येणाऱ्या फेरीबोटीचे सुकाणू धरायचे, आणि ते नेहमी सांगत, ‘कस्टमच्या डाव्या हाताला.’ सात पायऱ्या, खालच्या दोन शेवाळलेल्या, भिंतीत चार लोखंडी कड्या. त्यांचा पुढचा दात तिथंच पडला होता. हे ऐकून ऐकून घरातल्यांचे कान किटले होते.

बरीच वर्षं ताई गप्प राहिली. आपण झाडपूस करणाऱ्या, शिकल्यासवरल्या माणसांच्या कामात नाक कशाला खुपसा? पण दालनाचे नवे प्रमुख आले. ते साहेब स्वतः मोजे घालून फळीवर पालथे पडले आणि म्हणाले, “ताई, इथलं तुमच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. काही खटकतं का?”

तिनं सांगून टाकलं. साहेबांनी जुने कागद काढले. नकाशाचा नेमका तोच कोपरा वाळवीनं खाल्लेला. मग त्यांनी ताईंच्या थोरल्या भावाला बोलावलं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सात पायऱ्या, चार कड्या, पडलेला दात, सगळं जसंच्या तसं म्हणाला. दोघांचं इतकं तंतोतंत जुळल्यावर साहेबांची खात्री पटली. सुतारानं धक्का उचलून डावीकडे बसवला, त्याला सात पायऱ्या केल्या, काळ्या तारेच्या कड्या लावल्या. शेजारी पाटी आली: ‘फेरीबोटीच्या सुकाणूवाल्याच्या कुटुंबीयांनी दिलेल्या माहितीनुसार.’

दादाची कॉलर ताठ झाली. बायको, सुना, व्याही, सगळ्यांना त्यानं पाटी दाखवायला आणलं. आणि त्याच आनंदात एका रविवारी बहिणीला म्हणाला, “चल, पर्यटकांच्या लाँचमधून फिरवून आणतो तुला. जन्म इथं गेला आणि एकदा पाण्यात गेली नाहीस.”

खरंच गेली नव्हती. पाण्याची तिला धास्ती होती. पण दादाचं मन मोडवेना. लाँच निघाली तेव्हा तिनं कठडा घट्ट धरून ठेवला होता. समोर शहर हळूहळू मागं सरकत गेलं. लाँचवरचा माहिती सांगणारा माणूस कर्ण्यातून एकेक जागा दाखवत होता: कुठं कोळ्यांची वस्ती होती, कुठं परदेशी जहाजं नांगर टाकायची, किती जमीन भराव घालून केली. मग तो म्हणाला, “समोर कस्टमची इमारत. तिच्या डावीकडे बसगाड्या दिसतात ना?”

ताईंनी पाहिलं. बसगाड्या डावीकडे होत्या. रोज कामाला जाताना, शहराकडून बघताना, त्या उजवीकडे असायच्या.

तिचा कठड्यावरचा हात सुटला. बाबा आयुष्यभर सुकाणूवर उभे राहिले, तोंड किनाऱ्याकडे करून. त्यांचा डावा हात तो हा. शेजारी दादा वहिनीला फोटो काढायला सांगत होता.

सोमवारी मोजे न चढवताच ती साहेबांच्या खोलीत गेली.

“साहेब, धक्का परत होता तिथं न्या.”

“का? आता काय झालं?”

“चूक माझी. बाबा समुद्रावरून बघून सांगायचे. मी जमिनीवरून ऐकलं.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे आधी लक्षात नाही आलं तुमच्या?”

“मी कधी पाण्यात गेलेच नव्हते.”

साहेब चिडले. वरिष्ठांना पत्र गेलं होतं, पाटी छापून झाली होती, आता तोंडघशी पडायची वेळ त्यांच्यावर आली. दोन दिवस त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. धक्का उजवीकडे गेला, पाटी निघाली, मात्र पायऱ्या आणि कड्या तशाच राहू दिल्या, कारण बाबांनी सांगितलेलं तेवढं बरोबरच होतं, आणि आधीच्या धक्क्याला त्या नव्हत्या. डावीकडे सरसाचा पिवळट डाग उरला. ताईंनी तो दर सोमवारी ओल्या कापसानं पुसून पाहिला, थोडा फिका झाला, गेला नाही.

साहेबांचा राग निवळला, दादाचा नाही. “तुला गप्प बसता येत नव्हतं? कुणाला कळणार होतं?” एवढं फोनवर बोलून त्यानं तीन महिने बोलणं टाकलं. व्याह्यांसमोर मान खाली गेली, हे त्याच्या मनाला लागलं होतं. ताईंनी समजूत घातली नाही आणि वादही घातला नाही. पुढं वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा दवाखान्यात कोण राहणार हा प्रश्न आला. दादानं फोन केला, ताई आठ दिवस राहिली. धक्क्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

दुसऱ्या वर्षी ती निवृत्त झाली. तिच्या जागी आलेल्या बाईला तिनं फळी कशी टाकायची, फुंकणी किती जोरात दाबायची ते शिकवलं, आणि मोज्यांचा नवा जोड दिला.