आक्का 'नको' म्हणाली नव्हती

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा या गोष्टीला वळसा घालून पुढचं मागत आले. तशी मी बोलघेवडी बाई. गल्लीत आधी माझा आवाज येतो आणि मग मी येते, असं लोक म्हणतात. पण हे एक — नाही. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही आत्तींना ओळखत नाही, म्हणून असेल.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कांदा-लसूण चटणीच्या धंद्याचा अर्धा जीव त्यांच्या हातात आहे. मिरची कढईत टाकली की कधी उतरवायची, हे त्यांना नुसत्या वासावर कळतं. मी भाजली तर एकतर कच्ची राहते, नाहीतर करपते. शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही — जमलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे केलं ते यापायीच केलं.

हल्ली मला बायकांच्या शिबिरांना बोलावतात. 'ताई, घर-संसार सांभाळून एवढा वेळ कुठनं काढता?' असं विचारतात. मी माईक हातात घेऊन ठणकावून सांगते — वेळ काढायचा नसतो गं बायांनो, ध्येय ठरवायचं असतं. एकच ठरवा. सकाळी उठलं की प्रत्येक कामाला विचारा, तू मला तिकडं नेणार का? नेणार नसेल तर सरळ नको म्हणा. बायका टाळ्या वाजवतात. काहीजणी डोळे टिपतात, जन्मात कुणाला नको म्हटलेलं नसतं बिचाऱ्यांनी. आणि मी पाणी मागते. दर वेळी, याच ठिकाणी.

ते बोलणं माझं नव्हेच. पाच-सहा वर्षांमागं मीही अशीच एका शिबिरात मागच्या सतरंजीवर बसले होते आणि समोरच्या बाईंनी ते सांगितलं होतं. मी ते पदराला गाठ मारून घरी आणलं. ध्येय ठरवलं — स्वतःचा डंक. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. तोवर मी दुसऱ्याच्या डंकावर डबे घेऊन रांगेत बसायची. अख्खी दुपार तिथं जायची आणि नेमका माझा नंबर आला की लाईट जायची! त्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका दुकानदारानं मोठी ऑर्डर दिली. पाऊस लागायच्या आत माल पोहोचवला तर डंक घेता येणार होता. मी कंबर कसली.

चहाला येणाऱ्या शेजारणीला दार लावलं. लग्नकार्यं नवऱ्याच्या गळ्यात घातली. माहेरी तोंड दाखवायलाही गेले नाही. आणि वेळ सापडला हो खरंच! इतके दिवस कुठं दडून बसला होता कोण जाणे. पहाटे उठायची ती गाणं म्हणत. खोटं कशाला बोलू — त्या दिवसांत मी जेवढी खूश होते तेवढी माझ्या लग्नातही नव्हते.

मग मावशी आडव्या आल्या. — आडव्या आल्या! बघा, अजून तोंडात शब्द तोच येतो.

मावशी म्हणजे आत्तींची थोरली बहीण, त्यांची आक्का. गगनबावड्याकडच्या एका वाडीत दिलेली. आई लहानपणीच गेली, तेव्हा आक्कानंच आत्तींची वेणी घातली, आक्कानंच त्यांना भाकरी थापायला शिकवली, लग्नात पाठवणी करताना आईच्या जागी आक्काच रडली. तिकडं एकदा पाऊस लागला की बाहेर पाय टाकता येत नाही. म्हणून आत्ती दर वर्षी उन्हाळ्यातच बहिणीकडं जाऊन यायच्या. त्याही वर्षी त्यांची पिशवी भरून खुंटीला लागली होती. आत आक्कासाठी मऊ सुताचं एक लुगडं आणि नव्या चटणीची बरणी. रोज विचारायच्या, "जाऊन येऊ का गं?" आणि मी म्हणायची, "एवढा घाणा उतरू दे आत्ती, मग जावा." घाण्यामागून घाणे उतरत होते.

आणि एक दिवस मावशींचाच फोन आला. आत्ती कढईपाशी होत्या, फोन माझा, म्हणून मीच उचलला.

"तिला दोन दिस लावून दे की गं," मावशी म्हणाल्या. "लई बघू वाटालंय."

मी विचारलं, बरं नाही का तुम्हाला? "न्हाय गं, काय न्हाय. उगंच आपलं." बास. एवढंच बोलणं झालं.

मला माहीत नव्हतं मावशी जगणार नाहीत ते. असं मी स्वतःला सांगते. आजवर सांगत आले. पण आवाज तर ऐकला होता ना मी? धड शब्द फुटत नव्हता त्यांना. ज्या बाईनं आयुष्यात कधी आपणहून फोन केला नाही, ती 'उगंच' म्हणून कशाला फोन करेल? मला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच तर — आत्तींना खरं सांगितलं असतं, तर त्या हातातला झारा टाकून तशाच निघाल्या असत्या. दोन दिवसांचे चार झाले असते, चाराचे आठ. ढग जमायला लागले होते, मिरच्या अजून अंगणात पसरलेल्या होत्या. आणि मला शिकवलं होतं ना, कामाला विचारायचं — तू मला तिकडं नेणार का?

मी परसातून चुलीपर्यंत चालत गेले. तेवढ्यात ठरवलं.

"मावशींचा फोन होता," मी म्हणाले. "इतक्यात येऊ नको म्हणाल्यात. घरात पावणं हाईत म्हणं."

साधं वाक्य. कुठं अडखळले नाही. त्याची मला आजही लाज वाटते, की मी अडखळलेसुद्धा नाही. आत्तींनी वर पाहिलं. "मला येऊ नको म्हणली? आक्का?" मी मान हलवली. त्यांनी तेवढी कढई उतरवली, हात धुतले, खुंटीची पिशवी काढून माळ्यावर टाकली आणि परत येऊन बसल्या. त्या दिवशीची मिरचीही करपली नाही.

ऑर्डर वेळेत गेली. पाऊस लागता लागता मावशी गेल्याचा फोन आला.

आम्ही दोघी गेलो. मयत अंगणात होतं. मावशींच्या सुनेनं आत्तींच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "शेवटपत्तोर तुमचीच वाट बघत हुत्या वो! मीच फोन लावून दिल्ता त्यास्नी!"

तुम्हाला काय वाटलं, मी तेव्हा बोलले? सगळं उघड्यावर आलंच होतं की. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आत्तींनी तिचे हात सोडवले आणि शांतपणे म्हणाल्या, "फोन आलता. माझ्या सुनंनं मला तवाच सांगितलं. नको म्हणली हुती आक्का."

"आमच्या सासूबाई न्हाय म्हणतील व्हय तुमास्नी?" मावशींची सून म्हणाली.

"माझी सून खोटं बोलायची न्हाय."

त्या पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी मावशींच्या पायांकडं बघत राहिले. मग तिनंही मान खाली घातली. तिला कळलं असणार. आजवर तिनं मला एका शब्दानं विचारलेलं नाही, आणि मी तिच्या दारात परत पाय ठेवलेला नाही.

आत्ती रडल्या नाहीत. आक्का-आक्का करत जिनं जन्म काढला, ती बाई कोरड्या डोळ्यांनी परत आली. वर्षश्राद्धाला गेल्या नाहीत. "जितेपणी नको म्हणली, आता कशाला जाऊ?" म्हणाल्या. ते लुगडं अजून माळ्यावर आहे.

डंक आला. आत्तींच्याच हातून नारळ फोडला. गल्ली जमली होती, पेढे वाटले, सगळे माझी पाठ थोपटत होते. माझं ध्येय पुरं झालं, अगदी ठरवलं तसं.

सांगितलं का नाही, असं विचाराल. आधी वाटलं, दुःख ताजं आहे, जरा जाऊ दे. मग वाटलं, आता जुनं झालं, कशाला उकरायचं? मग त्या येईल-जाईल त्याला सांगू लागल्या, सून असावी तर अशी. मग तर तोंडच उघडेना. आणि खरं सांगू? त्या कढईपुढून उठून गेल्या तर धंद्याचं काय होईल, हाही विचार मी केलाय. आधी नाही, मागाहून नाही, सगळ्या विचारांच्या बरोबरीनं केलाय.

आता त्यांना नीट दिसत नाही. श्वासही लागतो. भाजायला त्या नुसत्या शेजारी बसतात आणि वासावरून 'उतरीव' म्हणून सांगतात. दुपारी जेवणं झाली की डंक बंद असतो, बायका घरी जातात, आम्ही दोघीच मिरच्यांचे देठ काढत बसतो. ती दुपार मी मुद्दाम मोकळी ठेवलीय. इतरांना सांगते ना, महत्त्वाच्या कामाला आधी वेळ राखून ठेवा म्हणून? राखलाय. रोज जेवता जेवता ठरवते, आज सांगायचं. आणि रोज ती दुपार देठ काढण्यात जाते. दिवस थोडे आहेत, हे मला दिसतं. मला वेळेचं कळतं हो, तेवढंच तर कळतं.

परवा त्यांनी स्वतःच विषय काढला. हातातली मिरची चाचपत म्हणाल्या, "आक्का असं का म्हणली असंल गं? माझं काय चुकलं असंल?"

समोर होत्या. हात लांब केला तर गुडघ्याला लागला असता. घरात तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "पावणं हुतं म्हणाल्या होत्या, आत्ती."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पावणं असत्याल."

आणि देठ काढलेल्या मिरच्यांची बुट्टी त्यांनी माझ्याकडं सरकवली. मी ती उचलली आणि जाऊन डंक चालू केला.