आतोबांची हवा

हवेची पारख असलेला आमच्या आतोबांसारखा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी कुठल्याही एसटी स्टँडवर उभी राहून सांगायला तयार आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे भुसावळचे, म्हणजे जिथे उन्हाळ्यात कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो तिथले. नोकरीत बदली होऊन नाशकात आले, पहिल्याच हिवाळ्यात त्यांना मनसोक्त कुडकुडायला मिळालं, आणि हा माणूस कायमचा थंडीच्या प्रेमात पडला. ऐंशी सालच्या आसपास मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि भाड्याच्या दोन खोल्या सोडून स्वतःचं घर बांधायचं घाटत होतं. लोक पाणी बघतात, रस्ता बघतात, शेजार बघतात. आतोबा फक्त हवा बघायचे. नाशकासारखी हवा जगात नाही असं आल्यागेल्याला ठणकावून सांगायचे आणि पाहुण्यांची पाठ वळली की मला हळूच म्हणायचे, "पूर्वीची राहिली नाही गं. घरं वाढली, वारा अडला."

पौषातल्या सकाळी ते घरातल्या सगळ्या खिडक्या उघडून उघड्या अंगाने मधोमध उभे राहत आणि दात वाजत असताना आम्हाला म्हणत, "घ्या, घ्या, फुकट आहे!" आत्या तेव्हा स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून खोकत असे. काय झालं विचारलं की म्हणायची, "काही नाही, धूर गेला घशात." स्टोव्ह पेटायच्या आधीसुद्धा तिच्या घशात धूर जायचा, पण आम्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवार आला की आम्ही तिघं हवा बघायला निघायचो. एसटीतून उतरल्याबरोबर आतोबा पिशवी माझ्या हातात देत, डोळे मिटत, मान वर करत आणि छाती भरून श्वास घेत. गाडीने सोडलेला सगळा धूर पोटात गेल्यावर समोर दिसेल त्या माणसाला विचारत, "दुपारी निजताना पांघरूण लागतं का हो इथं?" हरसूलच्या बाजारात नागली विकायला बसलेल्या एका म्हातारीला त्यांनी विचारलं, "आजी, हवा कशी आहे तुमच्याकडची?" ती म्हणाली, "लय हाय की! मागल्या साली आमचं छप्परच घिऊन गेली." आतोबा हरखले. आत्या मात्र बाजाराच्या चढावर एका दगडावर बसून राहिली होती. पायात गोळा आला म्हणाली. तिथल्या पावसात भिजलेली तिची शाल पुढे चार दिवस वाळेना, म्हणून हरसूल बाद झालं, नाहीतर आम्ही आज तिथे छप्पर धरून बसलो असतो.

दिंडोरीला तर प्लॉट जवळजवळ ठरला होता. मालक द्राक्षबागायतदार, बोलायला मोकळा. चहा झाला, हद्द दाखवून झाली, आणि तेवढ्यात आभाळ भरून आलं. आतोबा दोन्ही हात पसरून म्हणाले, "वा! असं ढगाळ आठवडाभर राहिलं पाहिजे!" बागायतदाराचा चेहरा पडला. ढगाळ हवेत द्राक्षांवर रोग पडतो, हे आतोबांच्या गावीही नव्हतं. मालकाने शांतपणे कप खाली ठेवला. "काका, तुम्ही माणूस चांगले आहात," तो म्हणाला, "पण माझ्या बागेशेजारी नको." परतीच्या गाडीत आत्या इतकी हसली की हसण्याचा खोकला झाला आणि खोकला नाशिक येईपर्यंत थांबला नाही.

पुढे माझं लग्न ठरलं. पैठणी आत्या घेणार होती, म्हणून आम्ही येवल्याला तिच्या चुलत बहिणीकडे दोन दिवस मुक्कामाला गेलो. फाल्गुन संपत आला होता. "येवल्याला माणूस पैठणीसाठी जातो, हवेसाठी नाही," असं म्हणत आतोबा छत्री आणि ओला रुमाल घेऊनच निघाले. दुसऱ्या दिवशी आम्ही एका विणकराकडे गेलो. माग माडीवर होते आणि लाकडी जिना उभा, अरुंद. आतोबा खालीच घाम पुसत टेकले. आत्या पुढे चढली, मी मागे. चढताना तिची टकळी चालूच होती: काठ रुंद हवा, जांभळा नको, मोर डोळ्यात भरले पाहिजेत. ती वर पोचली तोच खालून हाक आली, "अगं, खाली ये जरा."

आत्या घाबरून उतरली. "काय झालं?"

"काही नाही. परत चढ."

"उन्हाने डोकं फिरलंय का तुमचं?" असं म्हणत, पुटपुटत ती पुन्हा वर गेली. आतोबा जिन्याखाली उभे राहून बघत होते.

"तू बोलत बोलत चढलीस," ते म्हणाले. "घरी तर चार पायऱ्यांत टेकतेस."

आत्या वरच्या पायरीवर बसली. "इथं आल्यापासून छाती मोकळी वाटतेय," ती म्हणाली. "रात्री खोकलाही आला नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्हाला थंडी आवडते ना."

नाशकात आल्यावर आतोबा स्वतः तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. दमा आहे, कोरड्या हवेत बरं वाटेल, असं डॉक्टरांनीही सांगितलं. निवृत्तीनंतर महिन्याभरात आतोबांनी येवल्यात घर बांधायला काढलं. नाशिकची मित्रमंडळी खो खो हसली. "हसा," आतोबा म्हणाले. "तुमची हवा लाडावलेली. येवल्याची हवा सरळ आहे, तोंडावर बोलते."

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी तिकडे गेले. आत्याचा रंग उजळला होता. अंगणात उभी राहून ती भाजीवालीशी एका दमात भांडत होती. आतोबा डोक्यावर ओला पंचा टाकून कडुनिंबाखाली बसले होते. "खरं सांगा आतोबा," मी विचारलं, "उकडत नाही?"

"उकडतं तर!" ते म्हणाले. "पण संध्याकाळी बघ तू."

संध्याकाळी आम्ही अंगणात पाणी शिंपडलं आणि बाज टाकून बसलो. झाडाचं पानही हलत नव्हतं. बऱ्याच वेळाने आतोबांनी डोळे मिटले, मान वर केली आणि म्हणाले, "आली बघ झुळूक! अशी नाशकातसुद्धा नाही मिळायची."

त्यांच्या पाठीमागे बसलेल्या आत्याने माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं, आणि ती हातातला पंखा तसाच हलवत राहिली.