ज्वारीच्या वावरातलं गाणं

सेलूच्या कचेरीतून नलूताई निवृत्त झाल्या, तेव्हा शेजारच्या प्रमिलाबाईंना वाटलं, आता या तीर्थयात्रेला निघतील. नलूताईंनी नागपुराहून जुना टेपडेक आणि तबकड्या वाजवायचं यंत्र आणलं, पुढच्या खोलीत कॉम्प्युटरशेजारी मांडलं आणि लोकांच्या माळ्यावर पडलेली गाणी मोबाइलमध्ये उतरवून द्यायला लागल्या. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं गल्लीनं ठरवूनही टाकलं. मग भजनी मंडळाच्या चिकटलेल्या कॅसेटी बोलायला लागल्या आणि गल्लीनं आपलं मत गुपचूप मागे घेतलं. बाई भारी हट्टी. आलेली कॅसेट मुकीच परत पाठवायची म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा.

एका सकाळी बोरच्या जंगलाकडच्या गावातून पुनाजी आले. मागे त्यांची सून रुपा, हातात खताची रिकामी थैली. पुनाजींनी थैली ओट्यावर उपडी केली. आत नुसती टेपच टेप, तीही तुकडे झालेली, गाठी मारलेली, गवतात गुंतलेली.

"आणि कॅसेट?" नलूताईंनी विचारलं.

"हेच कॅसेट हाय, बाई. ज्वारीवर पाखरं येऊन राह्यले होते. इनं पेटीतली कॅसेट फोडली अन् काठीकाठीले टेप बांधली. वाऱ्यानं वाजते, पाखरं पयतेत. सारेच करतेत तसं. पन हे सखूची होती."

सखू म्हणजे पुनाजींची वारलेली बायको. गोंडांच्या लग्नात हळदीला बायका जे लांबलचक गाणं म्हणतात, ते त्या गावात अख्खं फक्त सखूला येत होतं. बाकीच्यांची गाडी दुसऱ्या कडव्यातच अडायची. आता चैत्रात रुपाच्याच लेकीचं लग्न होतं, आणि नातीच्या हळदीला सखूचंच गाणं वाजावं, एवढंच पुनाजींचं मागणं होतं. कॅसेटवर नाव नव्हतं, रुपाला ती सिनेमाची वाटली. त्या दिवसापासून सासऱ्यानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आताही ते तिच्याकडे बघत नव्हते.

"निघन का, ताई?" रुपानं दारातूनच विचारलं.

नलूताईंना खरं तर काहीच सांगता येत नव्हतं. "ठेवून जा," त्या म्हणाल्या.

मग काम सुरू झालं. मऊ फडक्यानं एकेक तुकडा पुसायचा, सावलीत वाळवायचा, गाठ कापून टाकायची आणि स्क्रू काढून उघडता येणाऱ्या रिकाम्या कॅसेटमध्ये गुंडाळून वाजवून बघायचा. पहिल्याच तुकड्यातून कापसाचे भाव निघाले. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी रेडिओ टेप करून ठेवला होता. नलूताई एकट्याच खो खो हसल्या, तुकडा फिरवून बसवला, आणि सखू गायला लागली. खणखणीत आवाज, मागे कोंबडं आरवतंय. उन्हात आणि दवात लोंबकळूनही बाईचा आवाज फिका पडला नव्हता. नलूताईंनी तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.

पण कुठला तुकडा आधीचा, कुठला नंतरचा? नलूताईंना गोंडीचं एक अक्षर कळत नव्हतं. पुनाजींना फोन केला तर ते म्हणाले, "बायकायचं गानं हाय ते. आमी मांडवाबाहेर राह्यतो, मले काय माहीत?"

"मग रुपाला पाठवा."

रुपा बसनं यायला लागली. हेडफोन घालून एकेक तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायची. "हे पयले घ्या, ताई. नवरी पाटावर बसाच्या आंधीचं हाय." कधी चुकायचं, मग सगळं मोडून पुन्हा जोडायचं. गाठीपाशी शब्द तुटले होते, तिथं ती स्वतःशीच पुटपुटून बघायची. गाणं एकसंध जुळलं तेव्हा दोघींनी चहा केला आणि ते शेवटपर्यंत ऐकलं.

हळदीला नलूताईंना आग्रहाचं बोलावणं होतं. स्पीकरवर सखूचा आवाज घुमला. पण दर कडव्याला थांबून नवरीला हळद लावायची, तिची चेष्टा करायची, ही तिथली रीत. टेप कुणासाठी थांबते का? बायका हळदीत आणि सखू दोन कडवी पुढे, असा गोंधळ उडाला. रुपानं उठून स्पीकर बंद करायला लावला.

"काऊन बंद केलं?" पुनाजी बाहेरून तरातरा आले आणि दाराशीच थबकले.

रुपा गात होती. कडवं संपलं की थांबायची, लेकीच्या गालाला हळद लावायची, हसायची, पुढचं कडवं उचलायची. तुकड्यातुकड्यानं ऐकताना अख्खं गाणं तिच्या तोंडी बसलं होतं. मागून बायकांनी सूर धरला. नलूताई अभिमानानं फुलून गेल्या आणि एक शब्दही न कळता टाळ्या वाजवायला लागल्या.

सासऱ्याला दारात बघून रुपा गप्प झाली.

"रुपा," पुनाजी म्हणाले, "पुढचं म्हन, माय."