तेरा दारांची कमिटी

वाटीभर विरजणावर अख्खा पक्ष चालतो, असं मी म्हटलं तर तुम्हाला पटेल का? नाही ना! पण नव्वद सालच्या कुवेतच्या गोष्टी अशाच. एक सांगायला घ्यावी तर तिच्यामागे चार रांग लावून उभ्या. आमच्या बिल्डिंगच्या कमिटीच्या तेवढ्या सांगते.

*

ऑगस्टमध्ये इराकी फौज शहरात शिरली आणि ऑफिसं बंद पडली. आमच्या बिल्डिंगमध्ये तेरा दारं आपल्या लोकांची. भारतात परत जायचं की इथंच राहायचं, यावर जिन्यात रोज भांडणं. शेवटी पाटणकर भाऊजी म्हणाले, "कमिटी करू. अमेरिकन पद्धतीनं!"

भाऊजींनी कुवेतमधल्याच अहमदी गावात, तेलकंपनीत अमेरिकन साहेबाच्या हाताखाली बारा वर्षं टायपिंग केलेलं. अमेरिकेतल्या पक्षांची रचना त्यांना तोंडपाठ. वर देशाची कमिटी, खाली राज्याची, त्याखाली जिल्ह्याची आणि सगळ्यात खाली गल्लीचा एक माणूस.

"पण तुमचे साहेब आहेत कुठे?" कुणीतरी विचारलं.

"ते जुलैतच सुट्टीवर गेले. पद्धत मागे ठेवून गेलेत!"

*

पहिल्याच मीटिंगला अध्यक्ष एक झाला आणि उपाध्यक्ष नऊ! गल्लीचा माणूस व्हायला मात्र कुणी तयार नाही.

"अहो, पक्ष तोच चालवतो," भाऊजी कळवळून सांगत होते. "दार न दार त्याला माहीत. कोण कुठे मत देणार, हे त्याला आधी कळतं."

मी कप गोळा करत होते. शिक्षण माझं दहावीपर्यंतचं. तरी म्हटलं, "पावडरच्या दुधाचं दही सध्या माझ्याकडेच नीट लागतंय. विरजण द्यायला सगळ्यांकडे जातेच मी."

झालं! त्या दिवसापासून पक्ष माझ्या वाटीत.

*

मग दोन गट पडले. जाणारे आमच्या हॉलमध्ये बसायचे, राहणारे बेडरूममध्ये. गॅस एकट्या माझ्याकडे शिल्लक, म्हणून दोन्हीकडे चहा मीच न्यायची. दोन्हीकडचं ऐकायची. आमचे हे राहणाऱ्यांत. एकदा मला दारात अडवून विचारतात, "तू नक्की कुणाच्या बाजूची?"

"ज्यांचे कप रिकामे झालेत त्यांच्या," मी म्हटलं.

*

राहणाऱ्यांच्या पुढारी म्हणजे देशमुख सिस्टर. एकट्या राहायच्या, परभणीच्या, वीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात. वॉर्डात एकही पेशंट उरला नव्हता, तरी रोज युनिफॉर्म घालून जायच्या. मी वाटी घेऊन गेले तर म्हणाल्या, "वहिनी, दही मी खात नाही. काय विचारायचं ते विचारा."

"रिकाम्या वॉर्डात करता काय?"

"चादरी बदलते," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

*

समोरच्या दारात हमीदा. रत्नागिरीची, आठवा महिना लागलेला. नवरा गावी गेला आणि तिकडेच अडकला. तिला माहेरी बाळंत व्हायचं होतं, पण भारताचं विमान मिळणार जॉर्डनमधल्या अम्मानहून, आणि तिथपर्यंतचा रस्ता वाळवंटातला.

"वैनी, वाटेत काय झालं तर?" ती म्हणाली. "सिस्टर सोबत असती तर मी आज निघाली असती."

हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

*

बस मिळाली. ड्रायव्हरची अट एकच. सगळी बस भरा, नाहीतर तो दुसऱ्या बिल्डिंगला जाणार. उत्तर संध्याकाळपर्यंत हवं. दुपारी मीटिंग बसली.

भाऊजींनी नियम वाचला, "आत हवं तेवढं भांडा. एकदा मत पडलं की बाहेर पक्ष एक! कबूल?"

"कबूल," सगळ्यात मोठ्यानं सिस्टरच म्हणाल्या.

एका दाराला एक मत. हात वर झाले. जाणारे सहा, राहणारे सहा. भाऊजींना घाम फुटला.

"दारं तेरा आहेत, भाऊजी," मी म्हटलं.

"हमीदाचा नवरा इथं नाही ना. तिच्या दाराचं मत कोण देणार?"

भर मीटिंगमध्ये भाऊजींना मी कधी उलट विचारलं नव्हतं. तरी विचारलं, "तुमच्या अमेरिकेत नवरा गावाला गेला की बाईचं मत जातं का हो?"

भाऊजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "नाही जात," ते म्हणाले.

मी हमीदाला हात धरून आणलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, सिस्टरकडे बघितलं आणि हात वर केला. "जायचं."

सात-सहा! हॉलमध्ये एकच ओरडा. आमचे हेसुद्धा टाळ्या वाजवत होते, आपण हरलोय हे विसरून!

सिस्टर उठल्या. हमीदाच्या पोटावर हात ठेवून बाळ चाचपलं. मग मला म्हणाल्या, "वहिनी, ती विरजणाची वाटी उद्या बरोबर घ्या. वाटेत हिला दही लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बस सुटली. सिस्टर पहिल्या सीटवर बसल्या होत्या, युनिफॉर्ममध्ये, आणि वॉर्डातल्या दोन धुतलेल्या चादरी त्यांच्या मांडीवर होत्या.