आप्पांची पोकळ अक्षरं

मंडळी, सकाळपासून कामात लक्ष नाही, म्हणून इथं लिहितोय.

वडगावात माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. आज एका साडीवाल्यांच्या मुलीच्या पत्रिकेसाठी मी तिरकी, पोकळ अक्षरं निवडली. नुसती बाहेरची नाजूक रेघ, आत रंग नाही.

माझे वडील, आप्पा, निपाणीत दुकानांचे बोर्ड रंगवायचे. हुबेहूब अशीच अक्षरं. लोक म्हणायचे, ही आप्पांची स्टाईल.

आता ते माझ्या दुकानात येऊन बसतात, म्हणून मी हौसेनं त्यांना स्क्रीन दाखवली. "आप्पा, तुमची अक्षरं कॉम्प्युटरात आली बघा!"

त्यांनी स्क्रीनवरच्या एका अक्षराच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "स्टाईल कसली रं. मी रेघ मारायचो आन् आत रंग तुझी आक्का भरायची. ती गेली, तवापासनं आत ब्रश लावायला हातच उचलंना."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण; मी दोन वर्षांचा असताना ती तापानं गेली. मला तिचा चेहराही आठवत नाही.

आत्ता साडीवाल्यांचा फोन आला. "डिझाइन लई भारी झालंय. फक्त आत रंग भरू नका."

मी व्हय म्हणालो.

इतकी वर्षं ते बोर्ड बघत मोठा झालो, पण आत रंग का नाही, हे आप्पांना एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारलंय का घरात कुणाला असं काही?