सिटीवेस्टमधलं एकोणचाळिसावं मरण

२०२०च्या फेब्रुवारीत दीनानाथराव दोन महिन्यांसाठी मुलाकडे डब्लिनजवळच्या सिटीवेस्टला आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले. साताऱ्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. नाटकाचं भारी वेड, पण आवाज चिरका. त्यामुळे हौशी मंडळींनी त्यांना जन्मभर बिनसंवादाचा भालदारच केलं.

शेजारी सिल्व्हियो राहायचे, चिप्सचं दुकान मुलावर सोपवून घरी बसलेले. त्यांचं डब्लिनी इंग्रजी दीनानाथरावांच्या डोक्यावरून जाई. म्हणून कुंपणावरून हातवाऱ्यांनीच गप्पा चालत. एका सकाळी सिल्व्हियोंनी आजोबांचा फोटो आणला आणि त्या आजोबांचं, एत्तोरेचं, आयुष्यच करून दाखवलं. एत्तोरे इटलीत घोडे सांभाळायचा. शूटिंगमध्ये तो घोड्यावरून असा काही पडला की डायरेक्टरने त्याला थेट खलनायक केलं. अडतीस मूकपट, अडतीस मरणं. मग बोलपट आले. इथे सिल्व्हियोंनी बोकडासारखं "बेंऽऽ" केलं आणि मान खाली घातली. आवाजाने घात केला. एत्तोरे आयर्लंडला येऊन बटाटे तळू लागला. आता त्याची एकही फिल्म उरलेली नाही.

"वृंदा, अगं हा तर माझाच माणूस!" दीनानाथराव सुनेला म्हणाले. डोळे पाणावले होते.

दुसऱ्या दिवशी ते चादर पांघरून बागेत उतरले. सिल्व्हियोंनी कुंपणापलीकडून मोबाइल धरला. दीनानाथरावांनी पोटात लाटणं खुपसून घेतलं, झोकांड्या खात वाळत घातलेले कपडे ओढून खाली आणले आणि हिरवळीवर प्राण सोडला. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून हे पाहून पोलिसांना फोन केला.

गाडी आली. सिल्व्हियो हातवारे करत खुलासा देऊ लागले. वृंदा हेडफोनसकट मीटिंगमधून धावत आली. "बाबा, उठा!"

"त्याने कट म्हटलेलं नाही अजून," प्रेत ओठ न हलवता म्हणालं.

पोलीस वाकून बघत हसला. "आह, युअर मॅन इज ग्रँड!"

ती फिल्म गणपतीत तिथल्या मराठी मंडळाच्या ऑनलाइन कार्यक्रमात दाखवली. दीडशे घरांतून टाळ्या पडल्या. सिल्व्हियो डोळे पुसत म्हणाले, आजोबा इतके छान कधीच मेले नसतील.

साताऱ्याला फोन करून दीनानाथराव सांगत होते, "इथले पोलीससुद्धा मला ग्रँड म्हणाले." ग्रँड म्हणजे इथे नुसतं 'ठीक आहे', हे वृंदाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि चहा टाकायला गेली.